तिसऱ्यांदा विचारल्यावर

मला लग्नांचा तिटकारा आहे असं माझी धाकटी बहीण सगळीकडे सांगत फिरते. साफ खोटं आहे. मला तिटकारा आहे तो लग्नाला येणाऱ्या माणसांचा. लग्न बिचारं काय करतं? दोन सह्या, एक शिक्का, संपलं. बाकीचा सगळा तमाशा माणसं घरून बांधून आणतात.

मी विवाह नोंदणी कार्यालयात दुभाषी आहे. नवरानवरीपैकी कुणाला इथली भाषा येत नसली तर माझ्यासारखी शपथ घेतलेली दुभाषी शेजारी उभी करावी लागते, असा इथला कायदा आहे. जे बोललं जाईल ते सगळं मी इकडून तिकडे पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. त्या 'सगळं'वरच माझं पोट चालतं आणि त्याच्यापायीच माझं डोकं उठतं. कारण अशा दिवशी माणसं जे बोलतात त्यातलं निम्मं कुठेही पोचवण्याच्या लायकीचं नसतं. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवरून एका मामांनी घातलेला वाद मी शब्दशः पोचवला आहे. एका सासरेबुवांनी सुनेच्या उंचीवर केलेला विनोदही पोचवला आहे. कुणी हसलं नाही, तर सासरेबुवा माझ्याकडेच रागानं बघायला लागले.

लग्नं लावणारे अधिकारी आहेत, त्यांना आम्ही दुभाषी मंडळी आपसात घड्याळसाहेब म्हणतो. टेबलावर एक चौकोनी घड्याळ, त्याच्या शेजारी सर्दीच्या गोळ्या, आणि एका फुलदाणीत प्लास्टिकची फुलं, जी ते स्वतःच्या रुमालानं पुसतात. नवरीकडे बघून हसलेले मी त्यांना कधी पाहिलेले नाहीत. नवरी रडायला लागली तर ते रडणं थांबेपर्यंत घड्याळाकडे बघतात. माणसांचं त्यांना काडीइतकं पडलेलं नसतं. नियमाचं मात्र एवढं की स्वतःच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी एक सही रेषेच्या बाहेर गेली म्हणून सगळा कागद नव्यानं करायला लावला होता, असं ऐकलंय. मला ते खरं वाटतं.

तर या घड्याळसाहेबांसमोर एक दिवस एक काका येऊन बसले.

कागदपत्रं तपासायचा दिवस होता. नवरा मुलगा इथेच लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. त्याला रजा मिळत नव्हती, म्हणून मुलीलाच इकडे आणायचं ठरलं होतं. लग्न इथल्या कायद्यानं झालं तर तिला राहायची परवानगी मिळणार, नाहीतर थोड्या दिवसांच्या व्हिसावर आली तशी परत. मुलगी तेव्हा अजून तिकडेच होती. समोर होते ते नवरा मुलगा, त्याची आई आणि त्याचे हे काका. काका खुर्चीत टेकायच्या आधीच बोलायला लागले होते.

"ताई, मला नका समजावू," त्यांनी मला सुरुवातीलाच बजावलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. "मी आजवर चार देशांतली लग्नं जुळवून दिलीत. एका देशात रक्त तपासल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. एका ठिकाणी तुमचं नाव बाहेर फलकावर टांगून ठेवतात, कुणाची हरकत आहे का म्हणून. एक देश असाय, तिथं नवरा हजर नसला तरी बिघडत नाही, त्याच्या वतीनं दुसरा उभा राहतो. आणि एका ठिकाणी तर मेलेल्या माणसाशीसुद्धा लग्न लागतं. वरून परवानगी आणली की झालं."

"मेलेला बरा," नवऱ्या मुलाची आई म्हणाली. "उलटून बोलत नाही."

दोघं दीरभावजय खो खो हसली. मी हे सगळं, रक्त, फलक आणि मेलेल्यासकट, घड्याळसाहेबांना सांगितलं. त्यांनी एक गोळी तोंडात टाकली. "यातलं इथे काहीही लागू नाही," ते म्हणाले. मी तेही सांगितलं.

"तेच तर म्हणतोय मी," काका म्हणाले. अशा माणसांना तुम्ही काहीही सांगा, ते आधीपासून तेच म्हणत असतात. मी मनातल्या मनात त्यांचं कायदेकाका असं बारसं करून टाकलं.

मग घड्याळसाहेबांनी नेहमीचे नियम वाचून दाखवले. प्रश्न इथे एकदाच विचारला जातो. दोघांनी मोठ्यानं आणि स्पष्ट 'हो' म्हणायचं. दुसरं काहीही तोंडातून आलं, अगदी थट्टेत का होईना, तरी समारंभ तिथेच थांबतो. मग नवा अर्ज, नवी तारीख, मधे दहा आठवडे जाऊ द्यायचे. मी एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सावकाश सांगितलं आणि वर काकांना म्हटलं, "मुलगी आली की तिलाही हे नीट सांगा."

"माझ्यावर सोडा."

सोडलं. अजून काय करणार?

मुलीची माहिती भरताना व्यवसायाचा रकाना आला. काका म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात आहे. होती. म्हणजे, सोडणार आहे. नको नको म्हणत होती, पण मुली म्हणतातच तसं. मी म्हटलं, लाजतेय." नवरा मुलगा मान हलवून हसला. हा मुलगा वाईट नव्हता, एवढं कबूल करते. कुठलंही बटण दाबलं तरी दार उघडेल अशी त्याची समजूत होती, बस्स.

लग्नाच्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट व्हरांड्यात ही मंडळी आधीच येऊन उभी होती. कॉफीच्या यंत्रासमोर कायदेकाका कुणातरी परक्या नवरदेवाला तुमच्या कागदावर किती शिक्के हवेत ते सांगत होते. नवऱ्या मुलाची आई अशी नटली होती की नवरी कोण हे क्षणभर मलाच विचारावं लागलं असतं. खरी नवरी भिंतीलगतच्या बाकावर आईशेजारी बसली होती. पंचविशीची असेल. मांडीवर कोट, कोटावर दोन्ही हात. तिची आई लहानखुरी बाई, चप्पल बाकाखाली सरकवून बसलेली. मुलीचे वडील आले नव्हते. ते विमानाला घाबरतात म्हणे. घरात मात्र त्यांचा शब्द खाली पडत नाही, असं काकांनी मला कौतुकानं सांगितलं होतं.

मी मुलीजवळ गेले, ओळख करून दिली आणि विचारलं, "काय विचारतील, काय म्हणायचं, सगळं सांगितलंय ना तुला?"

"हो," ती म्हणाली. "पाठ केलंय."

त्यावर मी अजून एकदा विचारायला हवं होतं की काय पाठ केलंय, असं माझी बहीण म्हणते. बहिणीला नंतर सगळं सुचतं. तेवढ्यात आतून हाक आली आणि आधीचं जोडपं बाहेर पडलं, त्यांच्या मागून त्यांचे पाहुणे, त्यांच्या मागून आम्ही आत.

खोलीत खुर्च्यांच्या रांगा, टेबल, घड्याळ, पुसलेली फुलं. दारावर पाटी, आत काहीही उधळू नये. नवऱ्या मुलानं फोन सेल्फीच्या कांडीवर चढवून उभा केला. गावाकडच्या चारशे नातेवाइकांना दाखवायचं होतं. त्याच्या आईनं फोनच्या समोर येईल अशी खुर्ची निवडली, बसून बघितली, उठली, दुसरी निवडली. घड्याळसाहेबांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं. ते शाईचं पेन वापरतात आणि सही होईपर्यंत टोपण लावत नाहीत, तशीच त्यांची पद्धत आहे.

आधी नवऱ्या मुलाला विचारलं. तो "हो" असा ओरडला की शेजारच्या खोलीतही लग्न लागलं असतं.

मग मुलीला. घड्याळसाहेबांनी प्रश्न वाचला, मी तिच्या भाषेत सांगितला. या माणसाशी तू स्वखुशीनं लग्न करतेस का? तिनं मान खाली घातली. होणाऱ्या सासूकडे एकदा पाहिलं, सासूनं डोळ्यांनी खूण केली. आणि मुलगी स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही."

मागून खुसुखुसू हसणं ऐकू आलं. सासू तर रुमाल तोंडाला लावून लाडानं मान डोलवत होती. नवरा मुलगा फोनकडे बघून हसला. त्या क्षणी मला वाटलं, हा शब्द गिळून टाकावा. पण शपथ 'सगळं'ची आहे. मी घड्याळसाहेबांना सांगितलं, ती नाही म्हणाली.

घड्याळसाहेबांनी टोपण उचललं आणि पेनाला लावलं. पेन फायलीवर आडवं ठेवलं. चिडले नाहीत, चकित झाले नाहीत, कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. घड्याळाचं काम झालं की ते बंद पडावं तसा तो माणूस थांबला.

"अहो, थांबले काय?" कायदेकाका उठून पुढे आले. "विचारा म्हणावं परत! ताई, सांगा त्यांना, विचारा परत!"

"परत विचारत नाहीत. तुम्हाला सांगितलं होतं."

"मग मी विचारतो." ते मुलीपुढे वाकले. "काय गं, येणार ना आमच्या घरी?"

"नाही," मुलगी म्हणाली. पण या वेळी ती सासूकडे बघत नव्हती. ती त्या पेनाकडे बघत होती.

मग जे सुरू झालं त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे एकदम बोलत होते आणि सगळं मी पोचवायचं होतं. झालं होतं ते असं: त्यांच्या घराण्यात मुलीनं पहिल्या विचारण्याला 'नाही' म्हणायचं असतं. दुसऱ्यालाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मान खाली घालून 'हो'. पहिल्या झटक्यात हो म्हणणारी मुलगी म्हणजे हावरट, बिनवळणाची. आणि चित्रफीत चारशे माणसं बघणार, म्हणून सकाळीच होणाऱ्या सासूनं मुलीला पढवलं होतं: एकदम हो म्हणू नकोस हं, लोक नावं ठेवतील. इथे एकदाच विचारतात हे काकांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. का सांगितलं नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "असं कुठं असतं का हो? एकदाच? लग्न आहे की शिधापत्रिका?"

हा माणूस चार देशांतली लग्नं जुळवून आला होता.

"सांगा ना त्यांना, ही आमची रीत आहे," मुलाची आई मला म्हणत होती. तिला अजूनही हे सगळं गोडच वाटत होतं. "मी तर चारदा नाही म्हटलं होतं! माझ्या सासूबाई थकल्या विचारून. आमच्या सगळ्या भाऊबंदांत अजून नाव काढतात. तुम्ही किती वेळा हो, विहीणबाई?"

मुलीची आई इथेही चप्पल काढून खुर्चीच्या कडेला बसली होती. "आठवत नाही," ती म्हणाली.

"आठवत नाही काय! असं कुणी विसरतं का?"

मी घड्याळसाहेबांना रीत समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. मी म्हटलं, त्यांच्या मते याचा अर्थ हो असा आहे. घड्याळसाहेब म्हणाले, "त्यांच्या मते."

कायदेकाकांनी मला खिडकीशी ओढून नेलं. "ताई, एक काम करा. तुमच्याकडून चुकलं म्हणून सांगा. ती हो म्हणाली आणि तुम्ही चुकून नाही सांगितलं. कुणाला कळतंय? आपण आपलीच माणसं."

मी त्यांची भाषा बोलते, म्हणून मी त्यांचं माणूस. असली माणसं परदेशात भेटली की पहिल्या पाच मिनिटांत आपलीच होतात आणि सहाव्या मिनिटाला तुमच्या पोटावर पाय देतात. "काका," मी म्हटलं, "हो आणि नाही यांत मी चुकले असं सांगायचं? मग मला दारावरची पाटी पुसायला तरी ठेवतील का? तुमची अक्कल तुम्ही घरी विसरून आलात, त्याची भरपाई मी का करू?" मला मुलीची वगैरे काळजी होती असं कुणी समजू नये. त्या घडीला मला फक्त माझ्या कामाचा अपमान झाल्याचा राग आला होता. मुलगी बिचारी हो म्हणणार होती आणि या गाढवांनी तिचं लग्न मोडलं, एवढंच मला दिसत होतं. दहा आठवडे तिचा व्हिसा पुरणार नव्हता. ती परत जाणार, तिकडे लोक म्हणणार, परत पाठवली.

घड्याळसाहेब नियमांचं पुस्तक चाळत होते. मग मला म्हणाले, गैरसमज झाल्याचा संशय असेल तर अधिकारी वधूला बाजूच्या खोलीत, नातेवाइकांशिवाय, दुभाषीच्या समक्ष, एकदा विचारू शकतो. ते उत्तर शेवटचं. हो असेल तर फाईल पुन्हा उघडता येते.

मी हे मंडळींना सांगितलं. लगेच सगळ्यांचे चेहरे फुलले. "म्हणजे तिसरं विचारणं!" मुलाची आई टाळी वाजवून म्हणाली. "बघा, सगळीकडे तीनच असतात. जा बाळ, आता हो म्हण. अगदी मोठ्यानं म्हण." कायदेकाकांनी मानेनंच मला दाखवून दिलं की हा मार्ग त्यांनीच काढला.

बाजूची खोली म्हणजे घड्याळसाहेबांची मधल्या सुट्टीची जागा. एक प्रिंटर, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात फरशी पुसायची बादली, खिडकीत त्यांचा जेवणाचा डबा. मुलगी खुर्चीवर बसली. कोट तिथेच मोठ्या खोलीत राहिला होता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. घड्याळसाहेब तिच्यासमोर बसले आणि त्यांनी पुन्हा टोपण काढलं.

ते विचारायच्या आधीच ती मला म्हणाली, "ताई, एक विचारू? त्यांना विचारायचंय."

मी सांगितलं. घड्याळसाहेबांनी मान हलवली.

"मी नाही म्हटल्यावर त्यांनी पेन का ठेवलं?"

मी पोचवलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा सांगितला. ते म्हणाले, "कारण ती नाही म्हणाली."

मी तिला सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच," ते म्हणाले.

ती त्या पेनाकडे बघत राहिली. घड्याळसाहेब, ज्यांनी रडणाऱ्या नवरीसमोरही कधी घड्याळावरची नजर हलवली नाही, ते पेन हातात धरून बसले होते. टेबलावरचं घड्याळ तिकडेच राहिलं होतं. इथे भिंतीवरही नव्हतं.

"मी हो म्हणणारच होते," मुलगी म्हणाली. ती माझ्याकडे बघून बोलत होती, पण मधे मधे थांबून मला भाषांतराला वेळ देत होती. असं नवऱ्या मुली कधी करत नाहीत. "खरंच. मुलगा वाईट नाहीये. मी पाठ केलं होतं, नाही, नाही, हो. पण ताई, मी दुकान सोडायला नाही म्हटलं होतं. तेव्हा सगळे हसले. काका म्हणाले लाजतेय. मी म्हटलं, इतक्या लांब नको, आईला कोण बघणार, तेव्हा बाबा म्हणाले, बघा, कशी आढेवेढे घेतेय. मला वाटायला लागलं, मीच लाजत असेन."

मी सांगत गेले. घड्याळसाहेबांना कारणं नको असतात. कायद्याला उत्तर लागतं, कारण लागत नाही, असं ते प्रत्येकाला तोडून सांगतात. या वेळी नाही सांगितलं.

"दुकानात काय काम करतेस?" मी विचारलं. हे पदरचं होतं, मी विचारायला नको होतं.

"डोळे तपासायला बसवतात ना, तिथं. डोळ्यापुढं काचा घालायच्या आणि विचारायचं, ही बरी दिसते की ही? गिऱ्हाईक नाही म्हणालं की काच काढायची, दुसरी घालायची. नाही म्हटल्यावर तीच काच परत परत घालून विचारलं तर मालक कामावरनं काढेल." ती एकदम हसली आणि लगेच थांबली. "आज पहिल्यांदाच मी नाही म्हटलं आणि कुणीतरी थांबलं. मला सवयच नव्हती."

'सवय' या शब्दापाशी मी अडखळले आणि त्याचा मला भयंकर राग आला. मी तिथे अडखळायला बसलेली नाही. मी वाक्य पुरं केलं. घड्याळसाहेबांनी खाली बघून पेनाचं टोक कागदाच्या कोपऱ्यावर टेकवून पाहिलं, शाई वाहतेय ना.

मग त्यांनी विचारलं. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच कोरड्या आवाजात. मी सांगितला.

मुलीनं मान खाली घातली नाही.

"नाही," ती म्हणाली.

मी पोचवलं. त्यांनी लिहिलं, तारीख घातली, सही केली, टोपण लावलं. उठताना म्हणाले, "पुढचं जोडपं थांबलंय. पण तिला हवं तेवढा वेळ इथे बसू दे." आणि आपला जेवणाचा डबा खिडकीतून उचलून तिच्यापासून दूर सरकवला. काय समजले होते, ती खाऊन टाकेल? या माणसाला चांगलं वागायची सवय नाही, त्यामुळे जमत नाही.

मोठ्या खोलीत सगळे उभे राहिले. नवऱ्या मुलानं कांडीवरचा फोन दाराकडे वळवून ठेवला होता. ती हो म्हणून बाहेर येते ते त्यात पकडायचं होतं. बाहेर आले मी.

"नाही म्हणाली," मी सांगितलं. "शेवटचं उत्तर आहे. फाईल बंद झाली."

काही वेळ त्यांना अर्थच लागला नाही. मग लागला.

"चौथ्यांदा विचारा!" मुलाची आई म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं!"

"मी वरच्या साहेबाकडे जातो," कायदेकाका गरजले. "असल्या कायद्याला काय कायदा म्हणतात? पोरगी खोलीत एकटी, दोन परकी माणसं, घाबरली असेल! दुसऱ्या एका देशात—"

"काका," मी म्हटलं, "या देशात बसा."

ते बसले. हेही पदरचंच होतं, बोलायला नको होतं, पण समाधान झालं.

नवरा मुलगा फोन हातात घेऊन माझ्यापाशी आला. "म्हणजे ताई, ती लाजत नव्हती?" त्यानं खरंच विचारलं. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला होता. मी म्हटलं, नव्हती. तो फोनकडे बघत राहिला. त्याच्या आईला मात्र वेगळीच काळजी लागली होती. "चारशे माणसांना आता काय दाखवायचं?" ती म्हणत होती. "चित्रफीत पुसून टाक. नाहीतर फक्त तुझं हो ठेव." मी आजवर पुष्कळ विहिणी पाहिल्यात. लग्न मोडल्यावर त्यातलं अर्धं शिल्लक ठेवायला बघणारी ही पहिलीच.

घड्याळसाहेब टेबलाशी येऊन बसले होते आणि रुमालानं फुलं पुसत होते. बाहेर पुढचे पाहुणे दाराशी गर्दी करत होते. काका खालच्या आवाजात पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते की मुलीवर संस्कारच नाहीत, आणि हे बोलताना ते मुलीच्या आईकडे बघत होते.

ती बाई उठली. चप्पल घातली, सावकाश, आधी डावी, मग उजवी. लेकीचा कोट खुर्चीवर पडला होता तो उचलून झटकला आणि माझ्यापाशी आली. मी तयारीतच होते. आता ही रडणार, मला दोष देणार, एकदा परत विचारा म्हणून पाया पडणार.

"तिसऱ्यांदा विचारलं ना तिला?" तिनं विचारलं.

"हो."

"नीट विचारलं?"

"नीट."

"आणि ती नाही म्हणाल्यावर थांबले ते?"

"थांबले. लगेच."

तिनं टेबलाशी बसलेल्या घड्याळसाहेबांकडे पाहिलं. ते मघापासून एकच पाकळी पुसत होते. मग 'आठवत नाही' म्हणाली होती त्याच आवाजात, त्या दीरभावजयीला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट, ती म्हणाली, "मी तिसऱ्यांदाही नाहीच म्हटलं होतं."

घड्याळसाहेबांनी मान वर करून मला विचारलं, बाई काय म्हणाल्या? सगळं पोचवायचं असतं, म्हणून मी पोचवलं. त्यांनी रुमाल खाली ठेवला.

ती मात्र थांबली नव्हती. कोट हातावर टाकून ती बाजूच्या खोलीत लेकीकडे गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.